बेदाणा ग्रेडिंग यंत्राचे पत्राकाम: मॉडेलपासून बेंडपर्यंत (प्रकल्प नोंदी, कुपवाड एमआयडीसी, सांगली)

११ नोव्हेंबर: काम काय आहे

तासगाव-सावळज पट्ट्यातल्या बेदाणा शेडवर बसवायचे ग्रेडिंग यंत्र. फेब्रुवारीत द्राक्षे उतरू लागली की शेडवर कुणाला हात रिकामा नसतो, म्हणून जानेवारीअखेर यंत्र जागेवर उभे हवे. या वहीत फक्त वाकवायच्या पत्र्याचे भाग:

एसएस ३०४ (स्टेनलेस), १.२ मिमी: ट्रे २४ नग, हॉपर (माल ओतायचे नसराळे) १ नग.
सीआरसीए (थंड रोल केलेले साधे पोलाद) १.६ मिमी: कंट्रोल पॅनेलचा बॉक्स २ नग.
एचआर (गरम रोल केलेले साधे पोलाद) ३ मिमी: मोटार ब्रॅकेट ८ नग.

कटिंग बाहेरून लेसरवर. बेंडिंग आपल्याच २.५ मीटरच्या प्रेस ब्रेकवर (वरून पंच, खाली व्ही आकाराची डाय, मध्ये पत्रा वाकतो), एअर बेंडिंग. मॉडेल फ्रीकॅड १.० च्या शीटमेटल वर्कबेंचमध्ये; ग्राहकाकडून आलेल्या फाइली सॉलिडवर्क्समधून काढलेल्या स्टेप स्वरूपात.

आलेल्या मॉडेलमध्ये सगळ्या भागांना बेंडाची आतली त्रिज्या १ मिमी आणि के-फॅक्टर (वळताना लांबी न बदलणारा थर आतल्या अंगापासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) ०.५ धरला आहे. १.२ च्या स्टेनलेसला १ मिमी आणि ३ च्या एचआरलाही १ मिमी. स्क्रीनवर सगळे नीट जुळते, पण आपल्या मशीनवर यातली एकही त्रिज्या निघणार नाही. एअर बेंडिंगमध्ये पत्रा पंचाच्या टोकाला चिकटून वळत नाही, तो व्ही डायच्या दोन खांद्यांवर टेकून लोंबतो. म्हणून आतली त्रिज्या ठरते ती डायच्या तोंडावरून: साध्या पोलादाला तोंडाच्या साधारण १६ टक्के, स्टेनलेसला २० टक्के. पंचाचे टोक ०.८ चे आहे म्हणून मॉडेलमध्ये ०.८ टाकणे ही नेहमीची चूक.

तेव्हा पहिले काम पट्ट्यांचे. त्याआधी एकही फ्लॅट, म्हणजे भाग उलगडून कापायचा सपाट पत्रा, काढायचा नाही.

१२ नोव्हेंबर: चाचणीच्या पट्ट्या

प्रत्येक मालाच्या ६ पट्ट्या, १०० × ५० मिमी. ३ रोलिंगच्या दिशेत, ३ आडव्या. पट्ट्या त्याच गठ्ठ्यातल्या पत्र्यातून कापून आणल्या. कोपऱ्यातला जुना तुकडा घेऊन चाचणी केली तर ती त्या तुकड्याची चाचणी होते.

क्रम असा ठेवला:

पट्टीची बर (कापताना कडेला राहिलेला धारदार काठ) फाइलने काढली. जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी घेतली. स्टेनलेसवरची प्लॅस्टिक फिल्म आधी सोलली; फिल्मवरून मोजले की जाडी ०.०५ ते ०.१ ने जास्त येते आणि पुढचे सगळे गणित त्या फिल्मवर उभे राहते. पट्टीची लांबी व्हर्नियरने घेतली, १०० आहे असे मानले नाही. बॅकगेज (पत्रा मागे टेकवायचा अडथळा) ५० वर ठेवून मध्यावर ९० अंशांचा बेंड मारला. कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने पाहिला, पाव अंशाच्या आत आला तरच पट्टी धरली. १.६ च्या पत्र्यात कोन १ अंशाने चुकला की डिडक्शन (बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर बेंडामागे फ्लॅटसाठी वजा करायचे माप) सुमारे ०.०८ मिमीने हलते, आणि आपण शोधतोय तो फरक त्याच मापाचा आहे. मग दोन्ही पायांची बाहेरून मापे.

सीआरसीएच्या तीन पट्ट्या, व्ही १२ डाय (तोंड १२ मिमी), जाडी १.५८:

५१.४४ + ५१.४८ = १०२.९२
५१.५० + ५१.४६ = १०२.९६
५१.४२ + ५१.४८ = १०२.९०

सरासरी १०२.९३. सपाट लांबी १००.००. म्हणजे बेंड डिडक्शन २.९३ मिमी.

त्रिज्या मोजायला रेडियस गेज पुरत नाही, १.७५ आणि २.० मध्ये डोळा फसतो. बेंड झालेल्या पट्टीची १० मिमीची चकती कापली, कड बारीक पॉलिश पेपरवर घासली आणि ऑफिसच्या साध्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला ठेवली. एक ठिपका ०.०२१ मिमीचा पडतो. ते चित्र स्केचमागे लावून आतल्या कडेवर वर्तुळ बसवले: १.९ मिमी. डायच्या १६ टक्क्यांनी १.९२ येत होते, मेळ बसला.

तिन्ही मालांचे आकडे:

सीआरसीए १.५८, व्ही १२: त्रिज्या १.९, डिडक्शन २.९३
एसएस ३०४ १.१८, व्ही १०: त्रिज्या २.०, डिडक्शन २.४०
एचआर २.९६, व्ही २४: त्रिज्या ३.८, डिडक्शन ५.५५

रोलिंगच्या दिशेतल्या आणि आडव्या पट्ट्यांत फरक ०.०३ च्या आत, तो सोडून दिला. कोनाचा फरक मात्र सोडण्यासारखा नाही. सीआरसीए १ अंशाच्या आसपास परत उघडतो, स्टेनलेस अडीच अंश. स्टेनलेसला ८७.५ पर्यंत दाबावे लागते तेव्हा तो ९० वर थांबतो.

१३ नोव्हेंबर: पट्टीवरून के-फॅक्टर

९० अंशांसाठी:

के = [ (२ × (त्रिज्या + जाडी) − डिडक्शन) ÷ १.५७०८ − त्रिज्या ] ÷ जाडी

सीआरसीए: २ × ३.४८ = ६.९६, वजा २.९३ = ४.०३, भागिले १.५७०८ = २.५६६, वजा १.९ = ०.६६६, भागिले १.५८ = ०.४२.
एसएस ०.४४, एचआर ०.४३.

आलेल्या मॉडेलच्या त्रिज्या १, के ०.५, जाडी १.६ ने हेच डिडक्शन २.३७ येते. खऱ्यापेक्षा ०.५६ ने कमी, म्हणजे प्रत्येक बेंडामागे फ्लॅट ०.५६ मिमी लांब. पॅनेल बॉक्सच्या अंगाला ६ बेंड आहेत. ३.३ मिमी जास्तीचा पत्रा कुठे तरी जाणारच. बॅकगेजवर प्रत्येक फ्लँज (वळलेली बाजू) बरोबर येत जाते आणि सगळी चूक शेवटच्या मापात साठते. मग ऑपरेटर चुकला असे वाटते.

त्रिज्येबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवणे गरजेचे. त्रिज्या चुकीची, १ मिमीच ठेवून, डिडक्शन २.९३ जुळेपर्यंत के खाली आणता येतो. तो ०.२६६ वर येतो, आणि ९० अंशांचा प्रत्येक भाग तंतोतंत निघतो. त्यामुळे बरीच वर्षे असे चालून जाते. पण त्याच के वर ४५ अंशांचा बेंड काढला की डिडक्शन १.०२ येते, खरे ०.८७ आहे. शिवाय मॉडेलमध्ये कोपऱ्याजवळचा नट किंवा वेल्ड बसतो, प्रत्यक्षात त्रिज्येवर चढतो. त्रिज्या आणि डिडक्शन दोन्ही मोजायचे, के हा त्यातून निघालेला आकडा. ‘माइल्ड स्टीलचा के किती?’ या प्रश्नाला म्हणून उत्तर नाही. या पत्र्याचा, या डायवर, या मशीनवर किती, एवढेच सांगता येते.

डिन ६९३५ या जर्मन मानकाच्या सूत्राने पडताळा घेतला: ०.६५ + ०.५ × लॉग (त्रिज्या ÷ जाडी). सीआरसीएला ०.६९ येते. हा आकडा अर्ध्या जाडीच्या हिशेबात असतो, म्हणून निम्मा करून ०.३४५. त्यावरून डिडक्शन ३.१२, पट्टीपेक्षा ०.१९ जास्त. पट्टी नसेल तेव्हा सूत्र कामाचे आहे, पट्टी हातात असताना नाही.

१४ नोव्हेंबर: सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरणे

फ्रीकॅडमध्ये प्रत्येक मालाची वेगळी स्प्रेडशीट केली. शीटचे लेबल इंग्रजीत ‘मटेरिअल’ आणि अंडरस्कोअर यांनी सुरू व्हावे लागते, तरच उलगडण्याच्या कामात ती ओळखली जाते. दोन रकाने: त्रिज्या भागिले जाडी, आणि के. सीआरसीएला १.२० समोर ०.४२, एसएसला १.६९ समोर ०.४४, एचआरला १.२८ समोर ०.४३. के च्या रकान्याच्या मथळ्यात आन्सी (अमेरिकी पद्धत) की डिन ते स्पष्ट लिहायचे. डिनचा आकडा आन्सीच्या दुप्पट असतो. ०.४२ लिहून पद्धत डिन राहिली तर सॉफ्टवेअर ०.२१ धरते आणि फ्लॅट बेंडामागे ०.५२ ने आखूड होतो. लांब फ्लॅट कापून घेता येतो, आखूड झालेला पत्रा भंगारात जातो.

सॉलिडवर्क्समध्ये काम करणाऱ्याने डिडक्शन थेट भरले तरी चालेल, पण फक्त ९० अंशांच्या भागांना. कोन बदलणाऱ्या भागाला के च द्यावा, नाहीतर कोनागणिक बेंड टेबल करावे. घडीला, म्हणजे १८० अंशांच्या हेमला, डिडक्शन लागूच होत नाही: सूत्रात निम्म्या कोनाचा टॅन असतो आणि तो ९० अंशांना अनंत होतो. तिथे बेंड अलाउन्स (बेंडाच्या गोलाईत जाणारी पत्र्याची लांबी) वापरायचा.

१७ नोव्हेंबर: पॅनेल बॉक्स

बाहेरची मापे ३०० रुंद, ४०० उंच, १५० खोल. अंग एका पत्र्यात: पाठ ३००, दोन बाजू १५०, समोर आत वळणारी पट्टी २०, तिच्यापासून पुढे येणारी पन्हळीची कड १२. वरचा आणि खालचा पत्रा वेगळा.

फ्लॅट = ३०० + ३०० + ४० + २४ − ६ × २.९३ = ६४६.४२

फ्रीकॅडचा उलगडा ६४६.४ देतो. हाताने एकदा असा हिशेब केल्याशिवाय कुठलाही फ्लॅट कटिंगला पाठवायचा नाही. मॉडेलमध्ये एका फ्लँजचे माप चुकीच्या जागेवरून धरले असेल तर ते इथेच पकडले जाते.

मॉडेलमध्ये भिंत (फ्लँज) जोडताना दोन निवडी असतात आणि दोन्ही मापे बदलतात. लांबी कुठून मोजायची: ‘लेग’ निवडले तर बेंड संपतो तिथून, ‘आउटर शार्प’ निवडले तर बाहेरच्या टोकदार कोपऱ्यातून. ड्रॉइंगवरची मापे बाहेरून असतात, म्हणून आउटर शार्प. लेग ठेवून १५० टाकले की प्रत्यक्षात १५३.४८ होते. दुसरी निवड बेंडाच्या जागेची: ‘मटेरिअल इनसाइड’ म्हणजे भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग मूळ कडेशी सपाट, बाहेरचे माप कायम. आपल्याला तीच हवी.

इथे नावांचा घोळ आहे. सॉलिडवर्क्समधल्या ‘मटेरिअल आउटसाइड’मध्ये भिंतीचा आतला पृष्ठभाग कडेशी येतो. फ्रीकॅडमध्ये त्याच नावाने बेंड कडेपासून सुरू होतो, आणि सॉलिडवर्क्ससारखे हवे तर ‘थिकनेस आउटसाइड’ निवडावे लागते. नाव एकच, पण जागा एका त्रिज्येने सरकते: सीआरसीएला १.९ मिमी, दोन्ही बाजू धरून ३.८. सॉलिडवर्क्सवर हात बसलेला माणूस फ्रीकॅडवर बसला की पहिली चूक हीच.

२० च्या पट्टीच्या दोन्ही टोकांना उलटसुलट बेंड आहेत. चार-व्हीचा ठोकळा (चार बाजूंना चार व्ही असलेली जाड डाय) तिथे आडवा येतो, आधीची फ्लँज ठोकळ्याला धडकते. एकेरी अरुंद व्ही १२ लावायची. १२ ची कड व्ही १२ वर बसते, कारण त्या डायला फ्लँज कमीत कमी ८.५ लागते. मॉडेल ५ मिमीची कडही काढून देते आणि हरकत घेत नाही. मशीनवर मात्र पत्रा डायच्या तोंडात घसरतो.

रिलीफ (बेंडाच्या टोकाला ठेवायची खाच): आयताकृती, रुंदी २, खोली ४. खोली निदान त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ३.४८ च्या पुढे हवी. कमी ठेवली की कोपरा फाटत नाही, पण तिथे पत्रा ओढला जाऊन गाठ येते आणि पावडर कोटिंगनंतर ती उठून दिसते.

पावडर कोटिंगची जाडी मॉडेलमध्ये धरायची नाही. ६० ते ८० मायक्रॉनचा थर भोकाला दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणजे व्यास सुमारे ०.१५ ने कमी होतो. एम-२० केबल ग्लँडची भोके २०.५ ठेवली. टांगायला दोन ६ मिमीची भोके वरच्या पत्र्यात, आणि खालच्या कोपऱ्यांत ४ मिमीचे निचऱ्याचे भोक; ते नसेल तर फॉस्फेटिंगचे पाणी कोपऱ्यात साठते आणि भट्टीत तिथे डाग उठतो.

२० नोव्हेंबर: ट्रे

तळ ६०० × ४००, उंची ४०, वरची कड बाहेर वळलेली १०. आधी कडेला बंद घडी सुचवली होती. बेदाण्याच्या साखरेचा चिकटा घडीत जाऊन बसतो आणि धुऊन निघत नाही, म्हणून घडी काढली, सरळ बाहेर वळलेली कड ठेवली.

फ्लॅट, लांबीत: ६०० + ८० + २० − ४ × २.४० = ६९०.४
रुंदीत: ४०० + ८० + २० − ९.६ = ४९०.४

ट्रे रॅकमध्ये सरकतो, त्यामुळे कडेसकटचे बाहेरचे माप महत्त्वाचे. ६०० अधिक १० अधिक १० म्हणजे ६२० असे वाटते, ते तसे नाही. तळाचे ६०० भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून आहेत. कड उलट वळते, त्यामुळे तिच्या बेंडाची बाहेरची बाजू भिंतीच्या आतल्या अंगाला आहे आणि तिचे १० तिथून मोजले जातात. दर बाजूला एक जाडी कमी होते:

६०० + २ × (१० − १.१८) = ६१७.६४

रॅकचे ड्रॉइंग ६२० गृहीत धरून काढले होते. कड ११.२ केली, बाहेरचे माप ६२०.०४, फ्लॅट ६९२.८ × ४९२.८. झेड आकार जिथे येईल तिथे ही जाडी तपासायची. पॅनेल बॉक्सच्या कडेलाही तेच लागू आहे, तिथली १२ ची कड समोरून १०.४ च दिसेल.

कोपऱ्यात दोन्ही बेंडरेषा मिळतात तिथे ३ मिमीचे गोल रिलीफ. भिंतींमधली फट ०.३, टिग वेल्डिंगसाठी. शून्य फट मॉडेलमध्ये सुबक दिसते, पण बेंडाच्या टोकाला आतल्या बाजूचा पत्रा दाबला जाऊन किंचित बाहेर फुगतो, आणि दुसरी भिंत तिथे अडून ९० वर येत नाही.

२५०० × १२५० च्या पत्र्यात मांडणी: सगळे ट्रे एकाच दिशेने ठेवले तर ६ बसतात. एका ओळीत ५ आडवे (५ × ४९२.८ = २४६४, ५ मिमीच्या चार फटी धरून २४८४) आणि दुसऱ्या ओळीत ३ उभे ठेवले की ८. दोन्ही ओळींची रुंदी मिळून ११८५.६, फट आणि कड ठेवूनही बसते. २४ ट्रेंना ४ ऐवजी ३ पत्रे. लांबीत दोन टोकांना ८ मिमीच उरतात. पत्रा कापून कमी केलेला असेल तर हे जमणार नाही, म्हणून पत्र्याची लांबी आधी मोजून घ्यायची. रोलिंगची दिशा काही ट्रेंना आडवी जाते, पण चारही बाजू वळतात, तेव्हा प्रत्येक ट्रेला दोन्ही दिशांचे बेंड आहेतच.

२२ नोव्हेंबर

स्टेप फाइलमधले ब्रॅकेट उलगडत नव्हते. कारण दोन: भोकांना काउंटरसिंक मॉडेलमध्येच होते, आणि बाहेरच्या कोपऱ्याच्या गोलाईचे केंद्र आतल्या गोलाईशी जुळत नव्हते (आत १, बाहेर ३, जाडी ३, म्हणजे बाहेर ४ हवे). उलगडण्याला सगळीकडे एकच जाडी लागते. दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने काढणे लवकर झाले.

२४ नोव्हेंबर: हॉपर

वरचे तोंड ६०० × ६००, खालचे २०० × २००, उंची ३५०. भिंत आडव्याशी ६०.३ अंशांत. भिंतीची तिरकी उंची ४०३.१, कोपऱ्याच्या कडेची लांबी बरोबर ४५०. हा ४५० पडताळ्याला फार सोयीचा: मॉडेल झाल्यावर कड मोजायची, ४५० नसेल तर कुठेतरी कोन चुकलाय.

एका पत्र्यात दोन भिंती, मध्ये एक बेंड. असे दोन अर्धे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टिग.

दोन भिंतींमधला कोन ९० नाही. दोन्ही भिंती तिरक्या असल्याने त्यांच्या लंबांमधल्या कोनाचा कोसाइन म्हणजे (२०० ÷ ४०३.१) चा वर्ग, ०.२४६. कोन ७५.७५ अंश. पत्रा सपाटापासून एवढा वळतो. भिंतींच्या आतला कोन १८० − ७५.७५ = १०४.२५.

या दोन आकड्यांची अदलाबदल सगळ्यांत महाग पडते. फ्रीकॅडच्या भिंतीच्या कोनात ७५.७५ टाकायचा, प्रेस ब्रेकच्या पॅनेलवर १०४.२५. ९० अंशांच्या कामात दोन्ही सारखेच असतात, त्यामुळे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही की आपण नक्की कोणता कोन लिहितो. ड्रॉइंगवर दोन्ही लिहिले: ‘वळण ७५.७५, आतला कोन १०४.२५’.

डिडक्शन ९० च्या प्रमाणात कमी करून चालत नाही. तसे केले तर २.४० × ७५.७५ ÷ ९० = २.०२ येते. खरे असे:

२ × टॅन(३७.८७५) × (२.० + १.१८) = ४.९५
१.३२२१ × (२.० + ०.४४ × १.१८) = ३.३३
डिडक्शन = १.६२

०.४ मिमीचा फरक ४५० लांबीच्या टिगच्या फटीत दिसतो, आणि १.२ च्या स्टेनलेसमध्ये तेवढी फट म्हणजे पत्रा जळणे.

कोन मोजायला प्रोट्रॅक्टर तिरक्या कडेवर नीट बसत नाही. उरलेल्या पत्र्यातून १०४.२५ चा कोनाचा नमुना त्याच कटिंग फाइलमध्ये टाकला. आत ठेवून प्रकाशासमोर धरायचा, बेंडाला काटकोनात.

२६ नोव्हेंबर: ब्रॅकेट

एल आकार, ९० × ७०, लांबी २२०. व्ही २४ वर मीटरला सुमारे २४ टन, इथे साडेपाच टनांच्या आत.

मोटारीच्या बोल्टचे गाळे ९ मिमी रुंद, आलेल्या ड्रॉइंगमध्ये त्यांचा मध्य बाहेरच्या कोपऱ्यापासून १६ वर. बेंडरेषा फ्लॅटमध्ये बाहेरच्या मापापासून निम्म्या डिडक्शनवर, २.७८ आत असते. म्हणजे गाळ्याची कड रेषेपासून १६ − २.७८ − ४.५ = ८.७. डायचा खांदा रेषेपासून १२ वर. गाळ्याची कड तोंडाच्या आत लटकते, तिथे पत्र्याला आधार नाही, आणि गाळा ओढला जाऊन आकार बिघडतो. मध्य २० वर नेला, कड १२.७ वर गेली. मोटारीचा पट्टा ४ मिमीने सरकतो, गाळ्याच्या लांबीत तो सामावतो, ग्राहकाला कळवले. व्ही २० लावूनही सुटले असते, पण मग त्रिज्या ३.२ च्या आसपास येते आणि पट्ट्या नव्याने माराव्या लागतात.

लेसरची बर असलेली बाजू बेंडाच्या आत. बाहेर राहिली तर ३ च्या पत्र्यात कडेपासून चीर सुरू होते.

२८ नोव्हेंबर: कटिंगच्या फाइली

डीएक्सएफ (लेसरला द्यायची रेषांची फाइल) मिमीमध्ये. बेंडरेषा वेगळ्या लेयरवर. कापायच्या लेयरवर राहिल्या तर लेसर त्या कापतो आणि ट्रेच्या जागी नऊ तुकडे येतात. कडेला रेषांऐवजी ३ मिमीच्या दोन हलक्या खुणा ठेवल्या. गोलाई वर्तुळखंड म्हणूनच जायला हवी, स्प्लाइनचे शेकडो तुकडे झाले की कड करवतीसारखी येते. एकावर एक पडलेल्या रेषा काढल्या. कर्फची (लेसरच्या कापाच्या रुंदीची) भरपाई लेसरवाले त्यांच्याकडे करतात, आपण मॉडेलमध्ये करायची नाही. दोघांनी केली की प्रत्येक भोक चुकते.

फाइलच्या नावात माल, जाडी, डाय आणि नग. उदा. ‘ट्रे, एसएस १.२, व्ही १०, २४ नग’. डाय नावात असणे फार गरजेचे. बेंडिंगला उभ्या माणसाने व्ही १२ लावली तर त्रिज्या २.४ होते आणि सगळे हिशेब जातात.

३ डिसेंबर: पहिला नग

पॅनेल बॉक्स: पाठ ३००.१, बाजू १५०.० आणि १४९.९, पट्ट्या २०.१ आणि २०.०, कडा १२.० आणि १२.१. बेरीज ६६४.२, हवी होती ६६४.० . सहा बेंडांत ०.२, म्हणजे बेंडामागे ०.०३. आयएसओ २७६८ (मापांत किती फरक चालेल त्याचे मानक) च्या मध्यम वर्गात ३०० च्या मापाला ±०.५ चालते. आकडे बदलले नाहीत.

बॅकगेज: फ्लँजचे बाहेरचे माप वजा निम्मे डिडक्शन. १२ च्या कडेला १०.५४, २० च्या पट्टीला तिथून पुढे २० − २.९३ = १७.०७.

ट्रे: बाहेर ६२०.१, भिंती ३९.९ ते ४०.१. हॉपरचे दोन अर्धे जुळवून ठेवले, फट वर ०.३, खाली ०.५. खालची जास्त आहे; कोनाचा नमुना खालच्या टोकाला किंचित सैल बसतो. बेंडाचे टोक डायच्या सांध्यावर आले होते. एक अर्धा नव्याने अखंड डायवर मारायचा.

८ डिसेंबर

दुसऱ्या बॉक्ससाठी सीआरसीएचा वेगळा गठ्ठा आला. बिलावर १.६ च, मायक्रोमीटरवर १.५२. तेवढ्याच दाबाला कोन ९०.५ च्या वर राहिला: पातळ पत्र्याला पंच तितकाच उतरला तरी पत्रा कमी वळतो. व्ही १२ मध्ये पंच ०.१ मिमी कमी उतरला की कोन जवळपास १ अंशाने उघडतो.

डिडक्शन जाडीच्या फरकाच्या १.३४ पटीने बदलते. ०.०६ ला ०.०८, सहा बेंडांना ०.४८. मॉडेलमध्ये जाडी १.५२ केली, त्रिज्या १.९ च ठेवली, कारण डाय तीच. फ्लॅट ६४६.९. जाडी ही एका ठिकाणी लिहिलेली राशी असल्याने हे पाच मिनिटांत झाले. प्रत्येक फ्लँजमध्ये १.६ हाताने टाकलेले असते तर अर्धा दिवस गेला असता.

१२ डिसेंबर

ब्रॅकेट ८ पूर्ण. गाळे ओढले गेले नाहीत.

१७ डिसेंबर

ट्रे २४ पूर्ण, २ बाजूला. दोघांच्याही एका कडेचा कोन ९२. फिल्म न काढता बेंड केले होते आणि डायवर फिल्मचा गोळा दबला होता. फिल्म बेंडासाठी ठेवायलाच हवी, नाहीतर खांद्याचे ओरखडे उमटतात; पण दर १० नगांनी डाय पुसायची. दोन्ही पुन्हा दाबून सरळ केले.

हॉपरचा तो अर्धा नव्याने अखंड डायवर मारला. फट वर ०.३, खाली ०.३. टिग करून आतून घासला, पिकलिंग पेस्ट लावून धुतला.

२० डिसेंबर

व्ही १२ च्या खांद्यावर, मध्यापासून डावीकडे सुमारे ३०० मिमी, नखाला लागेल एवढी झीज आहे. तिथे मारलेल्या पट्टीची त्रिज्या १.९ ऐवजी २.० च्या वर. घासायला पाठवली. परत आली की खांद्याची गोलाई आणि तोंडाचे माप बदललेले असेल, म्हणून सीआरसीएच्या ६ पट्ट्या पुन्हा: त्याच क्रमाने, जाडी आधी.